परक्या देशाचा पंधरा ऑगस्ट

वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

मागच्या अंकात जाता जाता एक ओळ लिहिली होती की परदेशात राहणाऱ्या आपल्या माणसांनी तिथल्या राष्ट्रीय दिवसाला सुट्टी मिळाली म्हणून दिवसभर लोळत पडू नये, जरा बाहेर पडून बघावं. बस्स, एवढंच. तर त्यावर पत्रं, मेल, व्हॉट्सॲप सगळंच आलं, काही कौतुकाची, काही चिडलेली, एक तर पूर्ण मालवणीत. खरं म्हणजे आश्चर्य नाही त्यात, मंडणगडपासून वेंगुर्ल्यापर्यंत असं गाव दाखवा जिथलं कोणी आखातात नाही, बोटीवर नाही की अमेरिका-ऑस्ट्रेलियात नाही. जागा पुरेल तेवढी पत्रं घेतेय, नावं अर्थातच गाळून.

प्रश्न : ताई, माझो झील मेलबर्नाक आसा. ह्या २६ जानेवारीक तेका सुट्टी होती. मी वाडीत सगळ्यांका सांगलंय, बगा, ऑस्ट्रेलियावाले पण आमच्या प्रजासत्ताक दिनाची सुट्टी देतत. तेव्हापासून शेजारचो मास्तर माका बगून हसता. झील म्हणता, बाबा ती तेंची सुट्टी, आणि हय अर्धे लोक पार्टी करतत नि अर्धे मोर्चे काढतत, माका कळना नाय मी खंय जाव. तेका काय सांगू?
— एक आंबा बागायतदार, देवगड

उत्तर : काका, मास्तरांना हसू दे, पण त्यांना उलट विचारा की ऑस्ट्रेलियाची २६ जानेवारी कसली ते सांगा, बघू किती येतं. मी सांगते. १७८८ सालच्या २६ जानेवारीला कॅप्टन आर्थर फिलिप हा ११ जहाजांचा ताफा घेऊन आज जिथे सिडनी आहे तिथल्या खाडीत उतरला आणि त्याने इंग्रजांचा झेंडा रोवला. जहाजांवर बरेचसे लोक म्हणजे इंग्लंडच्या तुरुंगातले कैदी. तिथून त्यांची वसाहत सुरू. आणि आपली २६ जानेवारी कुठून आली, तर १९३० साली ह्याच तारखेला देशभर पूर्ण स्वराज्याची शपथ घेतली गेली, ती तारीख लक्षात ठेवून १९५० साली राज्यघटना त्या दिवशी लागू केली. म्हणजे बघा, तारीख एकच, तिकडे इंग्रजांचा झेंडा लागला म्हणून सुट्टी आणि इकडे इंग्रजांच्या राजाला कायमचा रामराम ठोकला म्हणून. असा योगायोग कोणी मुद्दाम जुळवायला गेलं तरी जुळणार नाही.

आता मोर्च्याचं. जहाजं आली तेव्हा तो मुलूख काही मोकळा नव्हता, हजारो वर्षं राहणारे मूळ लोक होते तिथे, आणि त्यांच्या दृष्टीने ती तारीख म्हणजे जमीन गेल्याची तारीख. १९३८ साली, त्या घटनेला १५० वर्षं झाली म्हणून सरकारी थाटमाट चालू असताना त्यांच्या पुढाऱ्यांनी सिडनीत शोकदिवस पाळला होता. म्हणजे हे आजकालच्या पोरांचं फॅड नाही. सगळ्या राज्यांत एकाच दिवशी, २६ तारखेलाच सुट्टी द्यायची हे मात्र १९९४ पासूनचं. मेलबर्नमध्ये तर २०२३ पासून सरकारी परेडच बंद केलीय, मोर्चा मात्र मोठा निघतो. नवीन नागरिक होणाऱ्यांचे शपथविधी पूर्वी नगरपालिकांना त्याच दिवशी घ्यावे लागायचे, आता तीन दिवस आधी किंवा नंतर घेतले तरी चालतात. म्हणजे त्या देशाचंच अजून ठरलेलं नाही की हा दिवस कसा पाळायचा, मग तुमच्या झिलाला कळत नसेल तर त्यात त्याचं काय चुकलं!

मी माझं मत सांगते. आपण दुसऱ्या गावच्या शिमग्याला जातो तेव्हा काय करतो? पालखी येते, आपण हात जोडतो, ओटी भरायची तर भरतो, ढोल वाजला की पाय हलतात ते हलू देतो, पण पालखीला खांदा द्यायला आपणहून घुसत नाही आणि त्यांच्या मानकऱ्यांत वाद लागला तर मधे बोलत नाही, फार तर कोपऱ्यात उभं राहून दोन्ही बाजू ऐकतो. कोणी हाक मारून म्हणालं, ये रे, लाव खांदा, तर मग मागे राहत नाही. परक्या देशात एवढं जमलं तरी खूप.

तेव्हा झिलाला सांगा, सकाळी लवकर आपल्या कॉन्सुलेटमध्ये झेंडावंदनाला जा, कुठे नि किती वाजता ते त्यांच्या वेबसाईटवर येतं, ओळखपत्र जवळ ठेव. तिथे आपले अधिकारी झेंडा फडकवतात, राष्ट्रपतींचं भाषण वाचून दाखवतात, मग चहा-नाश्ता आणि मुख्य म्हणजे चार मराठी माणसं भेटतात. दुपारी ऑफिसातल्या कोणी बार्बेक्यूला बोलावलं असेल तर तिथे जा, जानेवारीत तिकडे कडक उन्हाळा, टोपी घाल. मोर्चा बघायचा असेल तर तोही बघ, शांतपणे उभं राहून ऐकायला कोणाची ना नाही, पण व्हिसावर असताना धक्काबुक्की दिसली की काढता पाय घे. आणि भेटेल त्याला हसत हसत त्या दिवसाच्या शुभेच्छा देत सुटू नकोस, समोरचा कोण आहे ते बघ, त्याने दिल्या तर आपण द्याव्या. दिल्लीची परेड आपल्या साडेदहाला सुरू होते तेव्हा मेलबर्नला दुपारचे चार वाजलेले असतात, त्यामुळे ती चुकायचं काही कारण नाही.

आणि काका, वाडीत जे सांगितलंत ते परत घेऊ नका हो. सुट्टी २६ जानेवारीलाच मिळाली ना, मग झालं तर.

प्रश्न : ताई, मी श्रीवर्धनचा, दुबईत एका कंपनीत स्टोअरकीपर म्हणून लागलोय, हे पहिलंच वर्ष. २ डिसेंबरला इकडचा नॅशनल डे. ऑफिसात सगळ्यांना त्यांच्या झेंड्याच्या रंगाचे मफलर वाटणार आहेत, केक कापणार, फोटो काढणार आणि एचआरवाली म्हणते सगळ्यांनी नाचात पण या. मला लाज वाटते. घरून अब्बा सांगतात, मफलर घातलेला फोटो गावच्या ग्रुपवर टाकू नको, लोक नावं ठेवतील. आणि दुसऱ्या दिवशी ३ तारखेला पण सुट्टी असून माझी स्टोअरला ड्युटी लावलीय. काय करू?
— एक तरुण वाचक

उत्तर : आधी ड्युटीचं बोलू, कारण लाज काय, जाईल हळूहळू, पैसे गेले तर परत येत नाहीत. तिकडच्या २०२१ च्या कामगार कायद्यात सरळ लिहिलंय, सरकारी सुट्टीच्या दिवशी कामाला बोलावलं तर एकतर बदली सुट्टी द्यायची नाहीतर त्या दिवसाचा पगार आणि वर बेसिकच्या निदान ५० टक्के जास्त. दोन्हीतलं काय देणार ते सुपरवायझरला आत्ताच गोड शब्दांत विचार, आणि तोंडी नको, मेसेज करून विचार. नवीन पोरं विचारायला घाबरतात आणि मग रूमवर येऊन कुढत बसतात.

आता मफलर. घाल की बिनधास्त. २ डिसेंबर १९७१ ला जुमेराच्या एका इमारतीत सहा अमिरातींच्या शेखांनी सह्या करून एक देश केला, सातवी रास अल खैमा १९७२ च्या फेब्रुवारीत आली. आता ह्या दिवसाला ईद अल इतिहाद म्हणतात आणि ती सह्या झालेली जागा म्युझियममध्ये आहे, एतिहाद म्युझियम, सुट्टी मिळेल तेव्हा जाऊन ये, कामाला गेलेल्या पोरांनी मॉल सोडून काही बघितलेलं नसतं. नाचाचं म्हणशील तर तो बहुतेक अय्याला असेल, दोन ओळी समोरासमोर उभ्या राहतात, हातात वेताच्या बारीक काठ्या, मधे ढोल, आणि सगळे एका ठेक्यात मान नि काठी हलवतात. कठीण काही नाही त्यात, आपल्याकडच्या कुठल्याही पोराला दोन मिनिटात जमेल. नाही जमलं तर बाजूला उभं राहून टाळ्या वाजव, त्यालाही कोणी काही म्हणत नाही.

पण काही गोष्टी पक्क्या डोक्यात ठेव. झेंडा जमिनीवर टाकायचा नाही, त्याने टेबल पुसायचं नाही, त्याच्यावर बसून फोटो नाही, हे हसण्यावारी नेण्यासारखं नाही, तिथे तो गुन्हा आहे. शेखांच्या फोटोवर जोक नाहीत, व्हॉट्सॲपवर सुद्धा नाहीत. रस्त्यात फोमचे स्प्रे मारणारी पोरं दिसतील, त्यांच्यात जाऊ नको, पोलीस दंड करतात आणि गाडी सुद्धा उचलतात. मिरवणुकीत आपला तिरंगा घेऊन जायचं मनात आलं तर तेही नको, हल्ली पोलिसांच्या सूचनांत त्या दिवशी दुसऱ्या कुठल्या देशाचा झेंडा नको असं स्पष्ट असतं. आणि त्या रात्री टॅक्सीच्या नादाला लागू नको, ट्रॅफिक असा तुंबतो की चालत लवकर पोचशील, मेट्रो पकड.

अब्बांना माझ्याकडून सलाम सांग आणि विचार, त्यांच्या वाडवडिलांपैकी कोणी साठच्या दशकात तिकडे होतं का. कारण तेव्हा दुबईत काय चालायचं माहितीय? रुपया! आपली रिझर्व्ह बँक १९५९ पासून आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा छापायची, १९६६ ला आपल्या रुपयाचं अवमूल्यन झालं तेव्हा तिकडच्यांनी एकेक करून आपापली नाणी काढली, ओमानमध्ये तर १९७० पर्यंत तेच चलन होतं. ज्या मुलखाशी आपला एवढा जुना देवघेवीचा संबंध त्याच्या झेंड्याचा मफलर गळ्यात घातला तर गावाने नावं ठेवायची काय गरज आहे? ग्रुपवर टाकायचा की नाही ते तू ठरव, मी तर म्हणेन अब्बांना आधी एकट्याला पाठव, त्यांना आवडला तर तेच टाकतील, बघ तू.

मी स्वतः मस्कतला राहिलेय बरीच वर्षं. तिथला राष्ट्रीय दिवस तेव्हा १८ नोव्हेंबरला, सुलतान काबूस यांच्या वाढदिवसाला असायचा. २०२५ पासून तो २० नोव्हेंबरला केलाय, त्यांच्या घराण्याची सत्ता १७४४ साली सुरू झाली त्याची आठवण म्हणून. त्या दिवशी समोरच्या ओमानी बाई हलव्याचं ताट पाठवायच्या. तो हलवा म्हणजे आपल्याकडचा नाही, काळपट, चिकट, तूप वर आलेलं, केशर-गुलाबपाण्याचा वास, बोटाने तोडून खायचा आणि बरोबर बिनकानाच्या एवढ्याशा कपात काहवा. कप रिकामा झाला की परत भरतात, पुरे म्हणायचं तर कप हातात धरून जरासा हलवायचा, हे मला कोणी सांगितलेलं नव्हतं, मी आपली पितेय आणि त्या आपल्या ओततायत, शेवटी त्यांच्या मुलीनेच माझा हात धरून हलवून दाखवला. आता आपल्याकडे आलेलं ताट रिकामं परत देत नाहीत ना, म्हणून मी घावनं केली नि वाटीत घाटलं. तेव्हापासून दर वर्षी त्यांचा हलवा यायचा आणि पाठोपाठ घावनं जायची, आणि पुढे पुढे तर त्या बाई हलवा द्यायला आल्या की दारातच विचारायच्या, ते पांढरं जाळीदार आहे ना?

प्रश्न : १५ ऑगस्टला भारताशिवाय आणखी कोणाचा स्वातंत्र्यदिन असतो? शाळेत वक्तृत्व स्पर्धेसाठी पाहिजे.
— इयत्ता आठवी, राजापूर

उत्तर : शाब्बास. दक्षिण कोरिया, १९४५ साली जपानच्या ताब्यातून सुटले तो दिवस, उत्तर कोरियातही तीच तारीख पाळतात. आफ्रिकेतलं काँगो प्रजासत्ताक, १९६०, फ्रान्सकडून. आणि बहारीन, १९७१, इंग्रजांकडून, पण गंमत म्हणजे बहारीनवाले उत्सव १५ ऑगस्टला करतच नाहीत, १६ डिसेंबरला करतात. ही शेवटची गोष्ट भाषणात नक्की घाल, परीक्षकांना माहीत नसते.

प्रश्न : माझे मिस्टर बोटीवर आहेत. परवा व्हिडिओ कॉलवर बोटीचा मागचा भाग दाखवला तर आमचा मुलगा ओरडला, आई, बाबांच्या बोटीवर अमेरिकेचा झेंडा, आणि तारा एकच! मिस्टर म्हणाले नंतर सांगतो आणि नेट गेलं. तो झेंडा कसला? आणि १५ ऑगस्टला बोटीवर हे लोक काय करतात? मुलगा रोज विचारून डोकं खातो.
— हर्णै

उत्तर : मुलगा हुशार आहे हो तुमचा, बरोबर पकडलंन. तो लायबेरियाचा झेंडा. लांबून अमेरिकेसारखा दिसतो कारण अमेरिकेतून सुटून गेलेल्या काळ्या लोकांनी आफ्रिकेत तो देश वसवला, पट्टे ११ आणि तारा एकच. जगातल्या कितीतरी बोटी लायबेरिया, पनामा, मार्शल बेटं अशा देशांत नोंदवलेल्या असतात, मालक ग्रीक, कॅप्टन आपला, खलाशी फिलिपिनो आणि बोट कागदावर लायबेरियाची. जिथे नोंद तो झेंडा मागे. शिवाय ज्या देशाच्या बंदरात शिरतात त्या देशाचा झेंडा मानाने पुढे डोलकाठीवर चढवतात, निघाले की उतरवतात. त्यामुळे बोटीवर एका कपाटात अख्ख्या जगाचे झेंडे घड्या घालून ठेवलेले असतात, मुलाला सांगा बाबांना म्हणावं एकदा ते कपाट उघडून दाखवा.

बंदरात असताना त्या देशाचा राष्ट्रीय दिवस आला तर कधी कधी बोट सजवतात, सिग्नलचे रंगीत झेंडे, प्रत्येक अक्षराचा एक, दोरीला ओवून पुढच्या टोकापासून डोलकाठीवरून मागच्या टोकापर्यंत. नारळी पौर्णिमेला हर्णै बंदरात होड्या पताकांनी सजलेल्या मुलाने बघितल्या असतीलच.

१५ ऑगस्टला मागचा झेंडा काही बदलता येत नाही. आपले लोक मेसमध्ये भिंतीला तिरंगा लावतात, ज्यांची वॉच, म्हणजे कामाची पाळी, नसेल ते इस्त्रीचे कपडे घालून जमतात, स्पीकरवर जन गण मन, कुक आपला असेल तर बिर्याणी नि काहीतरी गोड, जिलबी जमली तर जिलबी. इंजिन रूमला आणि ब्रिजवर, म्हणजे जिथून बोट चालवतात तिथे, सुट्टी नसते, तिथले पाळीपाळीने येऊन खाऊन जातात. फिलिपिनो लोकांचा दिवस १२ जूनला, तेव्हा आपले पोरगे त्यांच्या कराओकेत गातात. मिस्टरांना विचारा कुठलं गाणं म्हटलंत, बघा सांगतात का.

प्रश्न : मी मालवणची, नॉर्वेत बर्गनला शिकतेय. १७ मेला माझ्या गाईडनी घरी ब्रेकफास्टला बोलावलंय, म्हणतात आमचा नॅशनल डे आहे, छान कपडे घालून ये. तिकडे सगळ्या बायका त्यांचा पारंपरिक ड्रेस घालतात म्हणे. मी काय घालू, काय नेऊ, आणि मिरवणुकीत तिरंगा घेऊन गेले तर?

उत्तर : अगं साडी नेस! नऊवारी येत असेल तर नऊवारी, नाहीतर साधी काठापदराची सहावारी, आत थर्मल आणि पायात बंद बूट, कोणी बघत नाही खाली. त्या बायकांचा तो बुनाद म्हणजे भारी महाग प्रकार असतो, प्रत्येक भागाचा वेगळा, भरतकाम केलेला, चांदीचे दागिने, आजीचा नातीला मिळतो. तो कोणाकडून मागून घालू नकोस, पैठणी आपण कोणाला सहज देतो का? तू साडीत गेलीस की तिथल्या आज्याच तुझ्याशी पहिल्या बोलायला येतील, काठ हातात घेऊन बघतील.

१८१४ साली १७ मेला एइड्सवोल गावी त्यांनी राज्यघटना मान्य केली, त्याचा हा दिवस. पुढे कितीतरी वर्षं स्वीडनच्या राजाखाली होते, १९०५ ला सुटले, मग जर्मनांनी १९४० ते ४५ देश बळकावला तेव्हा हा दिवस साजरा करायलाच बंदी. त्यामुळे जीव आहे त्यांचा ह्यात. आणि मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे मिरवणूक रणगाड्यांची नसते, पोरांची असते. शाळा आपापला बॅनर घेऊन, बँड वाजवत, हातात कागदी झेंडे, ओस्लोला राजाच्या वाड्यासमोरून जातात आणि राजा आपला गच्चीत तासन् तास उभा राहून हात हलवत बसतो. म्हणजे आपल्या शाळेची प्रभातफेरीच की, फक्त आपल्याकडे शेवटी गोळ्या-चॉकलेट मिळायची आणि त्यांना दिवसभर मागेल तेवढं आईस्क्रीम. बर्गनला आणखी एक बघशील, मुलांची पथकं ढोल बडवत आणि खांद्यावर लाकडी धनुष्यं घेऊन शिस्तीत चालतात. तू ढोलाच्या गावची, दुरूनच आवाज ओळखशील. पाऊस पडेल, बर्गन आहे ते, मालवणच्या मुलीला पावसाचं काय सांगायचं.

न्यायला नारळाच्या वड्या कर, डेसिकेटेड खोबरं मिळतं तिकडे. टेबलावर सामन मासा, अंडी, ब्रेड, केक आणि वाइन असेल, पीत नसशील तर सरळ नाही म्हण, ज्यूस देतात. आत शिरताना "ग्राटुलेरेर मे दागेन" म्हणायचं, उच्चार चुकला तर ते हसतील आणि तीच सुरुवात गप्पांची. झेंड्याचं म्हणशील तर दुसऱ्या देशांचे झेंडे मुलांच्या मिरवणुकीत आणावेत की नाही ह्यावर तिथे पेपरातून चांगलेच वाद होऊन गेलेत. पहिल्या वर्षी पाहुणी म्हणून त्यांचा छोटा झेंडा हातात धर, तो कोणीतरी देईलच, आणि संध्याकाळी कुठे टाकून देऊ नकोस, सूर्य मावळायच्या आत झेंडे उतरवतात ते लोक, रीतसर. तिरंग्याला तुझ्या खोलीत जागा आहेच की.

प्रश्न : नात न्यू जर्सीला जन्मली. चार जुलैची आतषबाजी मला फोनवर दाखवते, पण १५ ऑगस्ट तिला नुसता ऐकून माहीत. सांगा, तिला आपला देश कोणता हे कसं शिकवायचं?
— आजी, गुहागर

उत्तर : आजी, असं काही शिकवायला जाऊ नका हो. तिचा जन्म तिकडचा, चार जुलै तिचाच आहे, १७७६ पासूनचा त्या देशाचा सण आहे, शेजारीपाजारी अंगणात शेगड्या पेटवतात, पोरं रात्री उशिरापर्यंत जागतात, तिला आवडणारच. फोनवर तुझा देश कोणता, सांग बघू, असं विचारून पोरीला पेचात पाडू नका, आई-बापाच्या तोंडाकडे बघत बसते बिचारी.

त्यापेक्षा हे करा. लाल किल्ल्यावर आपल्या सकाळी साडेसातला भाषण सुरू होतं तेव्हा तिच्याकडे १४ तारखेच्या रात्रीचे दहा वाजलेले असतात. शाळेला तेव्हा उन्हाळ्याची सुट्टीच असते, जागी असेल. भाषण नको, ते तिला कळणार नाही, तुम्ही सरळ फोन घेऊन रस्त्यावर जाऊन उभ्या राहा. शाळेची फेरी येईल, श्रावणातला पाऊस, अर्धी पोरं छत्रीत, अर्धी भिजलेली, मागून बाई ओरडतायत रांग सोडू नका, कोणाच्या तरी कुत्र्याची साथ, पुढे कोपऱ्यावर जिलबीचा घाणा लागलेला. हे सगळं दाखवा. नंतर तीच विचारेल. आणि त्यांच्या जवळच न्यूयॉर्कला ऑगस्टमधल्या एका रविवारी मॅडिसन ॲव्हेन्यूवर भारताची परेड निघते, १९८१ पासून चालू आहे, मुलाला सांगा एकदा तिला खांद्यावर बसवून ने.

प्रश्न : तुमचं मागचं लिखाण वाचून राग आला. पोटासाठी गेले ते गेले, वर दुसऱ्यांच्या झेंड्यापुढे नाचायचं? हेच का देशप्रेम?
— एक जागरूक नागरिक, चिपळूण

उत्तर : रागावलात ते कळलं. पण एक सांगा, आपल्याकडे १५ ऑगस्टला गावात कोणी परदेशी पाहुणा आला आणि झेंडावंदनाला ताठ उभा राहिला, तर आपल्याला बरं वाटतं की नाही? की आपण म्हणतो, बघा, ह्याचं स्वतःच्या देशावर प्रेम नाही? बरं वाटतं ना. मग तसंच त्यांनाही वाटतं, त्यात एवढं काय आहे.

आणि रत्नागिरीकडचीच माणसं मॉरिशसला एकोणिसाव्या शतकात ऊसाच्या मळ्यात मजुरीला गेली, त्यांची नातवंडं-पतवंडं आज त्या देशाची नागरिक आहेत. १२ मार्चला ते मॉरिशसचा चार पट्ट्यांचा झेंडा लावतात, १९६८ ला त्या दिवशी देश स्वतंत्र झाला, आणि ती तारीख गांधीजींच्या दांडीयात्रेवरून निवडलेली आहे, १२ मार्च १९३०. तेच लोक गणपतीला मूर्ती आणतात आणि गणेश चतुर्थीला अख्ख्या मॉरिशस देशाला सरकारी सुट्टी असते. आता ह्यांचं देशप्रेम कुठल्या खात्यात टाकायचं ते तुम्हीच सांगा, मी पुढच्या अंकात छापते.

प्रश्न : मुलगा कॅनडात आहे. त्याला पार्सलमधून तिरंगा पाठवला तर चालेल का? कुठला घ्यावा? चकल्या नि आगळ पण पाठवायचंय.
— वेंगुर्ला

उत्तर : चालेल की. खादीचा घेतलात तर उत्तम, खादी भांडारात मिळतो, आपल्या खालीच हुबळीला बनतात. पॉलिस्टरचा, मशीनवर शिवलेला सुद्धा चालतो, २०२१ च्या डिसेंबरात ध्वजसंहितेत तसा बदल झालाय. माप तीनास दोन बघून घ्या, त्याच्यावर कुठे काही छापलेलं किंवा लिहिलेलं नको, दुकानदार कधी कधी स्वतःचं नाव टाकतात, तसला घेऊ नका. नीट घडी करून वेगळ्या पिशवीत. मुलाला सांगा, घरात लाव हवा तेवढा वेळ, रात्रीही राहिला तरी आता हरकत नाही, पण बाल्कनीबाहेर लावायचा तर बिल्डिंगवाल्यांना विचारून. फाटला, मळला तर कचऱ्यात नाही, एकांतात मानाने जाळायचा, नियम तसाच आहे. १ जुलैला त्यांचा कॅनडा डे येतो तेव्हा त्यांचा मॅपलच्या पानाचा झेंडा कोणी हातात दिला तर तोही तशाच आदराने ठेवायचा.

चकल्या पाठवा, कागदात गुंडाळून डब्यात. आगळ मात्र त्या पार्सलात अजिबात नको. बाटलीचं झाकण कितीही घट्ट लावा, विमानात ते गळतंच, आणि कोकमाचा डाग पांढऱ्या पट्ट्यावर पडला की कुठल्याही साबणाने जात नाही. वाटलंच तर आमसुलं पाठवा, सुकी.